हाताचा कंप आणि विस्मरण: आधी काय आले, आणि मधे कोणती गोळी सुरू झाली?

इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र माझ्यासमोर आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ७३ वर्षांचे सेवानिवृत्त शिक्षक आहेत. मधुमेहासाठी ते पंधरा वर्षांपासून मेटफॉर्मिन घेतात. सुमारे अडीच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. गेल्या वर्षभरात विस्मरण वाढले, राजवाड्याहून घरी येताना ते दोनदा रस्ता चुकले, आणि हल्ली संध्याकाळी गॅलरीत लहान मुले येऊन बसली आहेत असे ते सांगतात. आम्लपित्तासाठी लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल आणि चक्कर येते म्हणून सिनारिझिन ही औषधे दीर्घकाळ चालू आहेत. तीन महिन्यांपूर्वी स्मृतीसाठी डोनेपेझिल सुरू झाले आणि त्यानंतर हात अधिकच थरथरू लागला, म्हणून आता कोणी ट्रायहेक्सिफेनिडिल घ्यायला सुचवले आहे. एका डॉक्टरांनी ‘वयोमान’ म्हटले, दुसऱ्यांनी पार्किन्सन, आणि शेजाऱ्यांनी अल्झायमर. त्यांचे तीन प्रश्न आहेत: कंप आणि विस्मरण हा एकच आजार आहे का, औषधांचे काय करावे, आणि चहाचा कप धरताना त्यांच्या यजमानांचाही हात थरथरतो, तर हे आनुवंशिक आहे का.

पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की हात थरथरल्यामुळे स्मृती जात नाही आणि विस्मरणामुळे हात थरथरत नाही. ही दोन लक्षणे एकाच व्यक्तीत दिसतात तेव्हा तीन शक्यता असतात. दोन्हींच्या मुळाशी मेंदूचा एकच आजार असू शकतो, किंवा उतारवयात सर्रास आढळणारे दोन वेगळे आजार योगायोगाने एकत्र आलेले असू शकतात. तिसरी शक्यता अशी की दोन्हींपैकी एक, प्रसंगी दोन्हीही, चालू असलेल्या औषधांमुळे किंवा शरीरातील दुसऱ्या एखाद्या बिघाडामुळे उद्भवलेली असतात. ही तिसरी शक्यता आपल्याकडे सर्वांत कमी तपासली जाते, आणि दुरुस्त होण्याजोगे सर्वांत जास्त तीच असते. म्हणून आजाराचे नाव ठरवण्याच्या घाईआधी मी नेहमी दोन गोष्टी मागतो, लक्षणांचा कालक्रम आणि औषधांची संपूर्ण यादी. मेंदूचा एमआरआय हाती आलेला असला तरी या दोन गोष्टींवाचून त्याचा अर्थ लावता येत नाही.

कालक्रम विचारला की घरची मंडळी साधारणपणे ‘बरेच दिवस झाले’ असे सांगतात, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्याऐवजी सणवार आणि घरातली कार्ये यांच्या आधाराने आठवून पाहावे. गौरी-गणपतीत आरतीचे तबक धरताना हात थरथरला का, नातवाच्या मुंजीत पाहुण्यांची नावे आठवत होती का, दिवाळीच्या खरेदीचा हिशेब त्यांनी स्वतः केला होता का. सेवानिवृत्त माणसाच्या बाबतीत आणखी एक उत्तम पुरावा घरातच असतो, तो म्हणजे चेकबुकांची जुनी अर्धुके, बँकेचे अर्ज आणि निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये भरलेली हयातीच्या दाखल्याची कागदपत्रे. ती वर्षवारीने ओळीने मांडावीत. पार्किन्सनमध्ये अक्षर हळूहळू बारीक होत जाते, ओळीच्या शेवटी तर फारच आक्रसते. निव्वळ कंप असणाऱ्या दुसऱ्या आजारात अक्षर मोठे, वेडेवाकडे आणि करवतीच्या दात्यांसारखे होते. स्मृतिभ्रंशात अक्षर बरे असते, पण तारीख चुकते, रक्कम अंकांत आणि अक्षरांत वेगवेगळी पडते, सही दुसऱ्याच जागी होते. हा बदल नेमका कोणत्या वर्षी सुरू झाला हे त्या कागदांवरून जितके स्वच्छ कळते तितके कोणाच्याही आठवणीवरून कळत नाही. नाना शिक्षक होते, तेव्हा त्यांच्या जुन्या वह्या नक्कीच असतील.

आता कंपाकडे पाहू. हात केव्हा थरथरतो हे तो किती थरथरतो यापेक्षा महत्त्वाचे असते. नाना खुर्चीवर स्वस्थ बसलेले असताना, हात मांडीवर सैल ठेवलेला असताना थरथरतो आणि पेला उचलायला गेले की थांबतो, असे असेल तर तो विश्रांतीचा कंप होय. सेकंदाला चार ते सहा आवर्तने, अंगठा आणि तर्जनी यांच्यात गोळी वळल्यासारखी हालचाल आणि सुरुवातीला एकाच बाजूला जोर, ही पार्किन्सनची खूण आहे. हा कंप दडलेला असेल तर त्यांना शंभरपासून उलटे अंक म्हणायला सांगावे किंवा अंगणात चालायला लावावे. लक्ष दुसरीकडे गुंतले की तो हात आपोआप थरथरू लागतो. उलट, हात विसावलेला असताना स्थिर आणि बशीतला चहा ओठाशी नेताना सांडतो, दोन्ही हातांना कमीअधिक प्रमाणात तसेच होते, कधी मानही ‘नाही नाही’ म्हटल्यासारखी हलते आणि आवाजही कापतो, असे असेल तर त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. तो पार्किन्सनपेक्षा बराच जास्त आढळतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. बोट एखाद्या वस्तूजवळ नेताना शेवटच्या टप्प्यात कंप वाढत असेल तर दोष लहान मेंदूशी निगडित असतो. आणि हात समोर ताठ धरून पंजे वर केले असता ते पक्ष्याच्या पंखासारखे अधूनमधून गळून पडत असतील तर तो खरे पाहता कंपच नव्हे. ती यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होत असल्याची, अथवा एखाद्या औषधाची मात्रा अंगावर आल्याची सूचना असते, आणि त्यासोबत गुंगी असेल तर रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. हे सगळे दवाखान्यात पाच मिनिटांत दिसेलच असे नाही, म्हणून नाना वर्तमानपत्र वाचत असताना, चालत असताना आणि जेवत असताना मोबाइलवर एकेक मिनिटाचे चित्रीकरण करून घ्यावे.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी नमूद केले होते, आणि पुढे दीर्घकाळ बहुतेक डॉक्टर तसेच मानत राहिले. आजाराच्या पहिल्या काही वर्षांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु उपचारांमुळे रुग्ण दीर्घायुषी झाले तशी पुढची बाजू दिसू लागली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे रुग्णांचा वीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला. हा आकडा वाचून कोणी घाबरून जाऊ नये, कारण वीस वर्षांनंतर बहुतेक रुग्ण बऱ्याच वयाचे झालेले असतात आणि नंतरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण कमी आढळले आहे. शिवाय ज्यांच्या पार्किन्सनमध्ये कंप हे प्रमुख लक्षण असते, त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका तुलनेने कमी असतो. चालताना तोल जाणे, पावले अडखळणे आणि अंग ताठरणे ही लक्षणे ज्यांच्यात आरंभापासून प्रबळ असतात, त्यांना तो अधिक असतो. थोडक्यात, हात खूप थरथरतो म्हणून डोकेही लवकर जाईल, हा घरोघरी ऐकू येणारा समज वस्तुस्थितीच्या उलट आहे.

कालक्रमाचा आग्रह मी का धरतो ते येथे कळेल. हालचालींची लक्षणे आधी येऊन एक वर्षाहून अधिक काळ गेल्यानंतर स्मृतिभ्रंश सुरू झाला, तर त्याला पार्किन्सनचा स्मृतिभ्रंश म्हणण्याचा संकेत आहे. स्मृतिभ्रंश आधी आला, किंवा दोन्ही वर्षभराच्या अंतरात आले, तर लुई बॉडी स्मृतिभ्रंश म्हणतात. हे वर्षाचे अंतर निसर्गाने आखलेले नाही, ते डॉक्टरांनी सोयीसाठी ठरवले आहे. दोन्ही आजारांत मेंदूच्या पेशींमध्ये एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या, म्हणजे अल्फा-सायन्युक्लिनच्या, गुठळ्या साचतात. फ्रेडरिक लुई या जर्मन डॉक्टरांनी त्या १९१२ मध्ये प्रथम वर्णिल्या, म्हणून त्यांना लुई बॉडी म्हणतात, आणि त्या मेंदूच्या बाह्य थरात पसरल्याने स्मृतिभ्रंश होतो हे जपानचे केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवून दिले.

नानांना संध्याकाळी गॅलरीत मुले दिसतात, हा पत्रातला मला सर्वांत बोलका वाटलेला तपशील आहे. लुई बॉडीच्या आजारात लहान मुले, माणसे किंवा प्राणी स्पष्ट, रंगीत आणि बहुधा निःशब्द स्वरूपात दिसतात, आणि रुग्ण सुरुवातीला त्यांना घाबरतही नाही. त्यासोबत चार गोष्टी घरच्यांनी पडताळून पाहाव्यात. त्यांची समज दिवसागणिक, कधी तासागणिक, वरखाली होते का, म्हणजे सकाळी वर्तमानपत्रावर व्यवस्थित चर्चा करणारा माणूस दुपारी शून्यात पाहत बसतो का. कंप सुरू होण्याच्या पुष्कळ वर्षे आधीपासून झोपेत ओरडणे, हात झाडणे, लाथा मारणे असे होते का. याचे उत्तर सासूबाईच देऊ शकतील, आणि ‘हो, म्हणून तर मी केव्हाच वेगळी झोपायला लागले’ असे उत्तर अनेकदा मिळते. हिंगाची फोडणी किंवा उतू जाऊन करपलेल्या दुधाचा वास त्यांना येतो का. आणि उठून उभे राहिल्यावर अंधारी येते का. ही शेवटची अंधारी फार महत्त्वाची आहे. रक्तदाब एकाएकी उतरल्याने येणाऱ्या या त्रासाला ‘चक्कर’ म्हटले जाते, चक्करेसाठी सिनारिझिन दिले जाते, आणि सिनारिझिनने कंप वाढतो. नानांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांनी, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा.

अल्झायमरच्या आजारात सुरुवातीच्या काळात कंप नसतो. ज्याचे विस्मरण अगदी आरंभीचे आहे आणि हात मात्र ठळकपणे थरथरतो आहे, त्याला केवळ अल्झायमर आहे असे मानण्यापूर्वी मी दहा वेळा विचार करीन. अल्झायमर आणि लुई बॉडीच्या रुग्णांच्या विसरण्यातही फरक असतो. अल्झायमरमध्ये सकाळी घडलेली गोष्ट मेंदूत नोंदवलीच जात नाही, त्यामुळे आठवण करून दिली तरी ती परत येत नाही. पार्किन्सन आणि लुई बॉडीच्या रुग्णाला बहुधा थोडी खूण सांगितली की आठवते, पण विचार मंदावतो, एकावेळी दोन कामे जमत नाहीत, आणि दिशा व अंतर यांचा अंदाज चुकतो. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले तर ते अंक एका बाजूला कोंबतात. नानांचे रस्ता चुकणे या दुसऱ्या गटात बसण्याजोगे आहे, मात्र एवढ्यावरून निदान होत नाही.

औषधांबद्दल मला सर्वांत सविस्तर लिहायचे आहे, कारण नानांच्या यादीत माझ्या मते निदान तीन संशयित आहेत. लेव्होसल्पिराइड हे मेंदूतील डोपामिनचे, म्हणजे हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या रसायनाचे, कार्य अडवणाऱ्या औषधांपैकी एक आहे. आपल्याकडे ते आम्लता कमी करणाऱ्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये येते आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून महिनोन्महिने, चिठ्ठी पुन्हा न दाखवता, दुकानातून आणले जाते. त्यामुळे औषधांची यादी विचारली असता लोक ते सांगतही नाहीत. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरील प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन आणि अर्धशिशीवरील फ्लुनारिझिन ही सगळी याच वाटेने जातात. मानसिक आजारांवरील हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन तर उघडच आहेत. या औषधांनी येणारा ताठरपणा, मंदपणा आणि कंप हुबेहूब पार्किन्सनसारखा दिसतो. औषध बंद केल्यावर तो काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही उशिरा, ओसरतो. ओसरला नाही तर आत दडलेला पार्किन्सन औषधाने आधीच उघडा पाडला असे समजावे. म्हणूनच या औषधांचा निकाल लागण्यापूर्वी पार्किन्सनचे शिक्कामोर्तब करणे मला पटत नाही. कंपाला कारणीभूत ठरणारी आणखीही औषधे आहेत. फिट्सवरील व्हॅल्प्रोएटमुळे कंप येतो आणि बुद्धीही मंदावते, लिथियमची रक्तातील पातळी वाढली तरी तेच होते, दम्यावरील साल्ब्युटामॉल आणि थिओफिलिन यांनी हात थरथरतात, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडारोनने आणि नैराश्यावरील काही गोळ्यांनीही.

आता डोनेपेझिल आणि ट्रायहेक्सिफेनिडिल. मेंदूच्या ज्या भागातून हालचालींचे नियंत्रण होते तेथे डोपामिन आणि असिटिलकोलिन ही दोन रसायने कावडीच्या दोन घड्यांसारखी एकमेकांना तोलून असतात. पार्किन्सन आणि लुई बॉडीच्या आजारात डोपामिनचा घडा रिकामा होतो आणि कावड दुसऱ्या बाजूला कलते, तो कल कंपाच्या रूपाने दिसतो. डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मिन ही स्मृतीची औषधे असिटिलकोलिन वाढवतात, त्यामुळे काही रुग्णांत कंप वाढतो. पार्किन्सनच्या स्मृतिभ्रंशात रिव्हास्टिग्मिनची जी मुख्य चाचणी झाली आणि जिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, तिच्यात औषध घेणाऱ्या सुमारे दहा टक्के रुग्णांनी कंपाची तक्रार केली होती, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे चार टक्के होते. तेव्हा डोनेपेझिलनंतर नानांचा कंप वाढला, यात आश्चर्य नाही आणि आजार झपाट्याने बळावला असाही त्याचा अर्थ होत नाही. ट्रायहेक्सिफेनिडिल याच्या बरोबर उलट काम करते, म्हणजे असिटिलकोलिन अडवते. हात थोडा स्थिर होतो, पण विस्मरण, भ्रम, बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणे असे त्रास ओढवतात. सत्तरीच्या पुढील आणि आधीच विसरू लागलेल्या माणसाला ते देऊ नये, हे माझे ठाम मत आहे. एका गोळीने वाढवायचे आणि दुसऱ्या गोळीने तेच अडवायचे, अशी चिठ्ठी लिहिण्यात कोणतेच वैद्यकशास्त्र नाही. झोपेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम, नैराश्य किंवा नसांच्या वेदनेवरील अमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेले ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीवरील क्लोरफेनिरामिन यांनीही वृद्धांचे विस्मरण वाढते, आणि ही सगळी नावे एखाद्या घरी एकाच डब्यात सापडतात.

यावर आपण मनाने काहीही बंद करू नये. मूळ डॉक्टरांकडे जाऊन लेव्होसल्पिराइड आणि सिनारिझिन यांची गरज अजून आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. माझ्या अंदाजाने दोन्ही टप्प्याटप्प्याने थांबवता येतील आणि आम्लपित्तासाठी दुसरा पर्याय निघेल. हे पहिले पाऊल उचलल्यावर डोनेपेझिलचा विचार करावा. नानांना लुई बॉडीचा आजार असल्याचे पुढे ठरले, तर डोनेपेझिल बंद करण्याची घाई करण्याचे कारण नाही. या आजारात त्याचा उपयोग अल्झायमरपेक्षाही जास्त होताना दिसतो, भासही कमी होतात, आणि थोडा कंप सोसूनही ते चालू ठेवणे परवडते. कंपाने चमचा धरणेच अशक्य होत असेल तर मात्रा कमी करता येते. नाडीचे ठोके मात्र मोजत राहावेत, कारण हे औषध नाडी मंदावते.

शरीरातील इतर बिघाडांपैकी नानांना लागू पडण्यासारखा पहिला बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आहे. दीर्घकाळ मेटफॉर्मिन आणि आम्लविरोधी औषधे, शिवाय शाकाहार असल्यास, ही कमतरता निर्माण होण्यास सगळी परिस्थिती अनुकूल असते. तिच्यामुळे विस्मरण आणि तोल जाणे होते, कंप मात्र क्वचितच होतो, त्यामुळे बी-१२ कमी निघाले म्हणून सगळे कोडे सुटले असे समजू नये. थायरॉइड ग्रंथीचे काम प्रमाणाबाहेर वाढलेले असेल तर बारीक कंप येतो, आणि वृद्धांत घाम किंवा अस्वस्थता न दिसता केवळ उदासपणा आणि वजन घटणे एवढेच दिसू शकते. रक्तातील साखर खाली गेली तरी हात थरथरतात आणि माणूस गोंधळतो, म्हणून तो प्रसंग घडेल त्या क्षणी बोटातून रक्त काढून साखर मोजावी. सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्याही कराव्यात. रोज मद्य घेणाऱ्या माणसाने अचानक ते थांबवले की एक ते तीन दिवसांत कंप आणि भ्रम सुरू होतो. त्या वेळी सलाइनमधून साखर देण्यापूर्वी किंवा निदान तिच्याबरोबरच थायमिन द्यावे लागते, हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवावे. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत नाना पडले असतील, तर डोक्याला फारसे लागले नसले तरी स्कॅन करावाच. वृद्धांत मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत जाते आणि ते वेळेत काढले तर माणूस पूर्ववत होतो.

विरळ कारणांचा मी फक्त उल्लेख करतो. चाळिशीच्या आत कंप आणि स्वभावात बदल असेल तर तांबे शरीरात साचणारा विल्सनचा आजार वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. डोळ्यांच्या बुबुळांच्या कडेला तपकिरी कडी आणि रक्तातील सेरुलोप्लाझमिन हे तांबे वाहणारे प्रथिन कमी, यावरून तो ओळखतात आणि औषधांनी तो आटोक्यात येतो. पन्नाशीनंतरच्या पुरुषात कंप, लडखडणे आणि विस्मरण एकत्र आले, आणि घरात एखाद्या नातवाला बौद्धिक मंदत्व असेल, तर फ्रॅजाइल एक्स जनुकाशी संबंधित आजार तपासावा. तो २००१ मध्ये प्रथम वर्णिला गेला आणि आजही डॉक्टरांच्या ध्यानात येत नाही. आपल्या राज्यात बालाघाट जिल्ह्यात मँगनीजच्या खाणी आहेत. तेथे किंवा वेल्डिंगच्या धुरात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला पार्किन्सनसारखा आजार झाला तर हे कारणही पाहावे लागते. शिक्षकाच्या बाबतीत ते लागू नाही. आठवड्यागणिक अवस्था खालावत असेल आणि अंगाला अचानक झटके येत असतील तर तो प्रकार पूर्णतः वेगळा आणि तातडीचा असतो.

बुद्धीची चाचणी घेताना इंदूरच्या मराठी वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास घडते. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, अशा माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला मराठीत सांगितले तर तो ‘त्र्याण्णव’ येथे अडखळतो आणि हिंदीत ‘तिरानवे, छियासी’ सहज म्हणून जातो. उलट ‘आज कोणती तारीख’ याचे उत्तर न येणाऱ्या आजी तिथी मात्र अचूक सांगतात, एकादशी परवा आहे की तेरवा हे त्यांना पक्के ठाऊक असते. मॉन्ट्रियल चाचणीत तीसपैकी सव्वीसच्या खाली गुण आले म्हणून स्मृतिभ्रंश ठरत नाही. शिक्षण, भाषा, ऐकू येणे आणि चष्मा या चार गोष्टी आधी पाहाव्यात, आणि रुग्णाला जी भाषा सोयीची असेल तिच्यात, गरज पडल्यास दोन्ही भाषांत, चाचणी घ्यावी. पार्किन्सनमध्ये नेहमीचा एमआरआय बहुधा वयोमानाप्रमाणेच दिसतो. तो इतर कारणे वगळण्यासाठी करतात. ट्रोडॅट नावाचा आण्विक स्कॅन डोपामिनची यंत्रणा घटली आहे का हे दाखवतो. औषधांमुळे आलेला कंप किंवा इसेन्शियल ट्रेमर एका बाजूला, आणि पार्किन्सन व लुई बॉडी दुसऱ्या बाजूला, एवढाच भेद त्याने होतो. या शेवटच्या दोघांत तो फरक करू शकत नाही. तो महाग आहे, आणि संशयित औषधे थांबवून काही महिने वाट पाहण्याची तयारी असेल तर पुष्कळदा त्याची गरजच उरत नाही.

एक इशारा मी वेगळा देतो, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. लुई बॉडीच्या रुग्णाला भास होतात, रात्री आरडाओरडा होतो, आणि मग अपघात विभागात शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले जाते. या रुग्णांत त्याची प्रतिक्रिया भयंकर होऊ शकते, अंग लाकडासारखे ताठ होते, शुद्ध हरपते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. नानांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘लुई बॉडीचा संशय, हॅलोपेरिडॉल देऊ नये’ असे लिहून ठेवावे. निदान पक्के नसले तरी लिहावे. भास त्रासदायक झाले तर आधी मूत्रमार्गाचा संसर्ग, छातीतला कफ, बद्धकोष्ठता आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यातले पाणी कमी पडणे ही कारणे शोधावीत. त्यानंतरही औषध लागलेच तर क्वेटियापिनची अगदी लहान मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. गॅलरीतली मुले त्रास देत नसतील तर ती नाहीतच असा वाद घालू नये, दिवा लावावा, पडदे बदलावेत आणि बोलणे दुसरीकडे वळवावे. याच्या जोडीला दुसरी गोष्ट: पुढे लेव्होडोपा हे पार्किन्सनवरचे मुख्य औषध सुरू झाले तर ते शस्त्रक्रिया, उपवास किंवा गोळ्या संपल्या या कारणाने अचानक कधीही बंद करू नये, त्यामुळे तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जीव धोक्यात येतो. लेव्होडोपा कंपापेक्षा ताठरपणा आणि मंदपणावर जास्त परिणाम करते आणि मात्रा वाढली की भास वाढवते, म्हणून या वयात ते लहान मात्रेने सुरू करतात.

कोणी कौंचाच्या बियांचे चूर्ण सुचवले असेल किंवा पुढे सुचवेल, म्हणून लिहितो. या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते. भारतीय संशोधक दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते वेगळे काढले होते, त्यामुळे हे चूर्ण निरुपद्रवी समजू नये. दुकानातल्या पुडीत नेमके किती आहे हे कळत नाही, आणि गोळीबरोबर घेतले की दोन्हींची बेरीज होते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगावे आणि भास असणाऱ्या माणसाला मी ते देणार नाही.

राहिला यजमानांचा प्रश्न. कप धरताना थरथरणारा आणि विश्रांतीत स्थिर असणारा हात बहुधा इसेन्शियल ट्रेमरचा, नाही तर दिवसातून अनेकदा घेतलेल्या चहा-कॉफीचा, ताणाचा किंवा थायरॉइडचा असतो, आणि नानांच्या आजाराशी त्याचे नाते असण्याची शक्यता कमी आहे. पार्किन्सन आणि लुई बॉडीचे बहुतेक रुग्ण आनुवंशिक नसतात. वडिलांना पार्किन्सन असल्यास मुलाचा धोका काहीसा वाढतो, पण तो इतका नसतो की मुलाने आताच जनुकीय चाचणी करावी. इसेन्शियल ट्रेमर स्वतः स्मृती घालवत नाही. मात्र पासष्टीनंतर प्रथमच सुरू झालेल्या अशा कंपाच्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण काही अभ्यासांत जास्त आढळले आहे, तरुणपणापासून तो असणाऱ्यांत तसे दिसलेले नाही. यजमानांनी थायरॉइड एकदा तपासावे, दम्याची औषधे घेत असतील तर डॉक्टरांना सांगावे आणि चहा थोडा कमी करावा. लिहिण्या-जेवण्यात अडचण येऊ लागली तर प्रोप्रानोलॉलचा उपयोग होतो, पण दमा किंवा मंद नाडी असणाऱ्याने ते घेऊ नये, आणि मधुमेही माणसाने साखर उतरल्याची धडधड त्या गोळीने झाकली जाते हे ध्यानात ठेवावे. नानांच्या पुढच्या भेटीच्या वेळी यजमानांनाही बरोबर न्यावे. दोघांना एकाच कागदावर एकेक गोलाकार सर्पिल काढायला सांगितले की डॉक्टरांना दोन हातांतला फरक लगेच दिसेल.